इन्चार्ज अक्का

अक्का कुलगुरूंच्या खोलीत बसत, पण कुलगुरूंच्या खुर्चीत बसत नसत. मोठ्या टेबलाच्या अलीकडे भेटायला येणाऱ्यांसाठी वेताच्या खुर्च्या मांडलेल्या असत. त्यांतली दाराजवळची खुर्ची जराशी तिरकी ओढून त्या बसत आणि टेबलाच्या उलट्या बाजूनेच फायलींवर सह्या करत. पलीकडे ती उंच पाठीची, गुबगुबीत खुर्ची रिकामी. तिच्या पाठीवर पांढराशुभ्र टर्किश टॉवेल. आमच्याकडे साहेब जितका मोठा तितका त्याच्या खुर्चीवरचा टॉवेल जाड. वर पंखा गरगरत असायचा, कुणालाच वारा न घालता. नवखा माणूस आत आला की आधी त्या रिकाम्या खुर्चीला वाकून नमस्कार करायचा आणि मग दचकून अक्कांकडे वळायचा.

तेव्हा मला त्याचं हसू यायचं. आता कुणा मोठ्या माणसाच्या केबिनमध्ये जायची वेळ आली की माझी नजर आधी अलीकडच्या खुर्च्यांवर जाते. तिथं कुणीतरी पाठमोरं बसलंय, अंबाड्यावर मल्लीचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा आहे, पदराच्या टोकाला खडू बांधलेला आहे, असं क्षणभर वाटतं. अक्कांना जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण हा चाळा काही सुटत नाही.

आमचं विद्यापीठ तंजावूरच्या बाजूचंच. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. देशाची दारं नुकतीच उघडली होती तो काळ. गल्लीच्या तोंडाशी एसटीडी बूथ झाले होते, नारळाच्या झावळ्यांमधून डिश अँटेना डोकावू लागल्या होत्या आणि ज्याला त्याला आपला मुलगा इंजिनियर करायचा होता. अक्का गणिताच्या विभागप्रमुख. एका कुलगुरूंची मुदत संपली की दुसरे येईपर्यंत महिनेच्या महिने जात, आणि तोवर सगळ्यांत ज्येष्ठ प्राध्यापकानं गाडा ओढायचा असा रिवाज होता. ज्येष्ठ होत्या अक्का. त्यामुळे दर खेपेला त्यांच्याच गळ्यात ते पडे. विभागप्रमुखांच्या बैठकीत त्या एकट्या बाई, आणि गाडा ओढायलाही त्याच एकट्या. मुलं, शिपाई, सगळेच त्यांना इन्चार्ज अक्का म्हणत.

खुर्चीत का बसत नाही, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं. मी त्यांच्याच विभागात नवी लेक्चरर, आणि त्याहून जुनं नातं म्हणजे राजवाड्यामागच्या गल्लीत आमची घरं समोरासमोर, त्यामुळे जीभ जरा सैलच होती. फाइलवरून नजर न काढता त्या म्हणाल्या, "तेथें बसायास कोणी सांगिटलं नाही मला. सांभाळायास सांगिटलंय." सांभाळायचं म्हणजे खरंच सांभाळायचं. सकाळी आल्या आल्या मुरुगेसन शिपायानं खुर्ची पुसली की नाही ते त्या बघत. त्या खुर्चीसाठी लावलेला पंखा मात्र कधी बंद करू दिला नाही. मालक घरी नसताना त्याच्या देव्हाऱ्यात दिवा लावावा, तसं ते होतं.

आमची गल्ली राजांच्या वेळेपासून तिथंच राहिलेल्या मराठी घरांची. मराठी सगळ्यांना बोलता येई, वाचता जवळजवळ कुणालाच येत नसे. मला नागरी अक्षरं अक्कांनी शिकवली, त्यांच्या ओट्यावर, खडूनं. मराठी लिहून कुणाचं पोट भरणार आहे, असं माझे वडील म्हणत. अक्का म्हणत, पोट भरायला तमिळ अहे, इंग्रजी अहे, हे आपलं जेवणानंतरचं पान. आज पुण्यात लोक माझ्या बोलण्याला हसतात, पण लिहिलेलं वाचून गप्प बसतात, ते त्या खडूमुळे.

त्यांचं लग्न राहूनच गेलं होतं. भावाच्या कुटुंबात राहत, आणि घरात श्राद्ध असो की बारसं, वाढायला पहिल्या त्याच. पुरुषांची पंगत, मुलांची पंगत, मग बायकांची, आणि सगळ्यांत शेवटी एका कोपऱ्यात केळीचं अर्धं पान घेऊन अक्का. वाढण्याचं त्यांचं शास्त्र कडक. पाहुणा पहिल्यांदा नको म्हणतो ती रीत. दुसऱ्यांदा नको म्हणतो तो संकोच. तिसऱ्यांदाही म्हणाला तरच खरं धरायचं. एकदा बाहेरगावचे कुणी परीक्षक जेवायला आले होते. ते बिचारे मनापासून "पोदुम, पोदुम" म्हणत होते, पुरे, पुरे. अक्कांनी त्यांच्या पानावर पोळीवर पोळी घातली, आमटीत बुडवली, वर पायसम ओतलं. परीक्षक दुसऱ्या दिवशी परीक्षेला आले ते पोटावर हात ठेवून.

उलट बाजूही होती. लहानपणी मी कुणाकडे तरी गेले आणि त्यांनी लाडू पुढे करताच "हो" म्हणून घेतला. घरी आल्यावर आईनं काही म्हटलं नाही, पण अक्कांनी ओट्यावर बसवून घेतलं. "काय गे तुळजे, पहिल्या वाढीस हो म्हणतं का कोणी? हावरी म्हणतील. देणाऱ्यास आग्रह करूं द्यावा." मी मान डोलावली. त्या दिवसापासून मी कुठंही गेले की आधी नको म्हणते आणि वाट बघते. आमच्या घरांतल्या सगळ्याच मुली तशा वाढल्या.

आता, खुर्चीत न बसणाऱ्या अक्कांना ती खुर्ची नको होती असं कुणी समजू नये. त्यांना ती हवी होती. फार हवी होती. आणि त्याचं कारण पंखा नव्हता, टॉवेल नव्हता. ग्रंथालयामागं कडुनिंबाच्या झाडांची एक मोकळी जागा होती, तिथं त्यांना मुलींचं वसतिगृह बांधायचं होतं. आसपासच्या खेड्यांतून, कालव्याकडेच्या भातशेतांतून मुली गावच्या बसनं येत. प्रयोगशाळेचे तास दुपारनंतरचे, आणि शेवटची बस ते संपायच्या आधीच निघून जाई. दुसऱ्या वर्षापर्यंत निम्म्या मुली विज्ञान सोडून देत, काही कॉलेजच सोडत आणि पुढच्या खेपेला दिसत त्या कडेवर मूल घेऊन, बसस्टँडवर. अक्कांना त्या सगळ्यांची नावं पाठ होती. इन्चार्ज माणसाला रोजच्या कागदांवर सही करता येते, पण नवी वीट लावता येत नाही. त्याला पक्का कुलगुरू लागतो. दर नव्या कुलगुरूंपुढे अक्का वसतिगृहाची फाइल ठेवत, ते "पुढच्या वर्षी पाहू मॅडम" म्हणत, आणि पुढच्या वर्षी त्यांची मुदत संपलेली असे.

अक्का दुपारच्या वेळी ती जागा बघायला जात. मलाही ओढून नेत. "येथें जिना. येथें स्वयंपाकघर, धूर पूर्वेस जाईल." वाळक्या लिंबोळ्यांवर चालत त्या खोल्या मोजत, आणि मला खरोखरच तिथं दोरीवर वाळत घातलेल्या दावण्या, मुलींच्या त्या अर्ध्या साड्या, दिसू लागत.

कुलगुरू निवडायला वरून एक समिती येई आणि तीन नावं मद्रासला पाठवी. त्यांतल्या पहिल्या नावाचीच नेमणूक होई, हे सगळ्यांना ठाऊक. तिसरं नाव कधी अक्कांचं असे, कधी वनस्पतिशास्त्राच्या सरांचं. हे सर ओरत्तनाडूकडच्या एका चेरीतून, म्हणजे गावाबाहेरच्या दलित वस्तीतून, शिकून वर आलेले. उंच, मोजकं बोलणारे, खिशात कायम कसली तरी पानं घेऊन फिरणारे. बाई एक आणि ते एक, दोघंही तिसऱ्या जागेपुरते. अक्का त्यांना चिडवत की तिसरी जागा आपण दोघांनी वाटून खाऊ या, एकदा तुमचं पान, एकदा माझं. सर हसत नसत.

शेवटची समिती आली तेव्हा अक्कांच्या निवृत्तीला थोडाच अवकाश उरला होता. यानंतर पुन्हा संधी नव्हती. त्या आठवड्यात त्यांनी मुरुगेसनला खुर्चीवरचा टॉवेल नीळ घालून धुवायला सांगितला. आणि एकदा मी अचानक आत गेले तर त्या टेबलाच्या पलीकडे उभ्या होत्या, खुर्चीच्या हातावर तळवा ठेवून. मला पाहिल्यावर पदरानं तो हात पुसल्यासारखं केलं आणि अलीकडे येऊन बसल्या.

समितीत तिघं गृहस्थ होते, अध्यक्ष कुणी निवृत्त बडे अधिकारी. मुलाखत अशी नव्हती. अतिथिगृहात एकेकाला बोलवायचं, कॉफी द्यायची, गप्पा मारायच्या. अक्का जांभळी रेशमी पट्टू साडी नेसून गेल्या. मी बाहेर व्हरांड्यात बसले. त्या बाहेर आल्या तेव्हा चेहरा उजळलेला होता. चालता चालता त्यांनी सांगितलं, अध्यक्षांनी अगदी आदरानं विचारलं, मॅडम, ही जबाबदारी घ्यायला आपण तयार आहात का.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, मी काय, माझ्याहून थोर माणसं अहेत. योग्य तो पाहा."

मी विचारलं, मग त्यांनी परत विचारलं का. अक्का हसल्या. "विचारतील गे. आता पहिलीच वाढ जाली." मग त्यांनी गमतीनं सांगितलं की कॉफीला मी नको म्हटलं तर तिघांनीही आग्रह करून पेला हातात दिला.

त्या वाट बघत राहिल्या. फोन वाजला की ताठ बसत. खोलीतली रिकामी खुर्ची तशीच समोर, निळीचा ताजा वास येणारा टॉवेल पाठीवर. मला त्या दिवसांत त्या खोलीत जायला नको वाटे. कुणीतरी त्या खुर्चीत बसून अक्कांकडे बघतंय आणि मुद्दाम बोलत नाही, असं वाटायचं.

नाव जाहीर झालं ते मद्रासच्या एका संस्थेतल्या गृहस्थांचं. वयानं अक्कांहून लहान, अंगात कोट, तोंडात मॅनेजमेंट आणि कोलॅबरेशन हे शब्द. माणूस वाईट नव्हता, हे सांगितलं पाहिजे. स्वागत समारंभात मावळत्या इन्चार्जनं नव्या कुलगुरूंना पोन्नाडै, म्हणजे जरीची शाल, पांघरायची पद्धत. अक्का व्यासपीठावर शाल हातांवर घेऊन उभ्या होत्या. गृहस्थ माइकवर म्हणाले की मी लहान माणूस, मी या पदाला दोनदा नकार दिला, पण समितीनं माझा पिच्छा पुरवला, तिसऱ्यांदा घरी येऊन बसले. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मग अक्कांकडे हात करून म्हणाले की मॅडमनी तर स्वतःहून सांगितलं, माझ्यापेक्षा थोर माणसं आहेत, आणि मोठ्या मनानं बाजूला झाल्या. अशा स्त्रिया हेच आपल्या संस्कृतीचं भूषण. पुन्हा टाळ्या. ह्या जास्त जोरात.

अक्कांनी टाचा उंचावून त्यांच्या खांद्यांवर शाल घातली. ते फार उंच होते. एक टोक घसरलं, ते त्यांनी नीट केलं, वाढताना पानावरचं मीठ सरळ करावं तसं. खाली आल्यावर मला एवढंच विचारलं, "मी नोको म्हटलं, असं म्हटले का ते?" मी हो म्हटलं. पुरुषानं नको म्हटलं तर तो विनय, आणि बाईनं म्हटलं तर ते उत्तर, हे त्या दिवशी मला कळलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अक्का मात्र शांतपणे हात धुवायला गेल्या.

कडुनिंबांच्या जागेवर वर्षभरात संगणक विभागाची इमारत उभी राहिली. काचेची, गार हवेची. चपला बाहेर काढून आत जायचं. अक्का निवृत्त झाल्यावर त्या बाजूला कधी फिरकल्या नाहीत. घरी त्यांना भेटायला गेले की त्या खिडकीजवळच्या छोट्या टेबलाशी बसलेल्या असत, इथंही अलीकडच्या बाजूला, आणि पलीकडची खुर्ची मोकळी. बोलणं कुठूनही सुरू झालं तरी तिथंच येऊन थांबे. "एकदांच विचारलं गे. दुसऱ्यांदा कोणी विचारलंच नाही." कधी म्हणत, त्या पोरी बसस्टँडवर दिसतात. मला वाटे खरोखर कुणी भेटल्या असतील. मग लक्षात आलं, अक्का तर कित्येक महिन्यांत घराबाहेर पडल्या नव्हत्या.

"मी नुसतं हो म्हटलं असतं तर," एवढं म्हणून त्या खडूचा तुकडा बोटांत फिरवत बसत. एक शब्द, लहानपणापासून जपलेली एक रीत, आणि तिच्यापायी वसतिगृह गेलं, पोरी गेल्या. हा हिशोब त्यांनी स्वतःच्या नावावर मांडून ठेवला होता आणि कितीही समजावलं तरी त्या तो पुसू देत नव्हत्या.

एके दुपारी वनस्पतिशास्त्राचे सर त्यांना भेटायला आले. मीही होते. अक्कांनी त्यांच्यापुढेही तेच गाऱ्हाणं मांडलं. सरांनी ते ऐकून घेतलं. मग तमिळमध्ये, सावकाश, म्हणाले की अम्मा, त्या दिवशी तुमच्यानंतर मी आत गेलो होतो. मलाही तोच प्रश्न विचारला. आमच्या चेरीत आग्रह करणारं कुणी नसतं, जे पुढे येईल ते पहिल्या हातानं घ्यायचं, नाहीतर गेलं. मी सरळ हो म्हटलं. म्हटलं, मी तयार आहे, मला काय करायचंय तेही सांगतो. तर अध्यक्ष बाकीच्यांकडे बघून हसले आणि म्हणाले, इतकी घाई. पुढे समितीतल्या एकानं सरांना सांगितलं होतं की समिती मद्रासहून निघतानाच नाव ठरलं होतं. सर म्हणाले, तुम्ही हो म्हणा की नको म्हणा, कॉफी तेवढी खरी होती.

मला वाटलं, अक्कांच्या छातीवरचा धोंडा उतरेल. मला तर सरांचे पाय धरावेसे वाटले. अक्कांनी भावजयीला कॉफी करायला सांगितली, सरांना आग्रह करून दोनदा दिली, दारापर्यंत पोचवलं. परत येऊन खुर्चीत बसल्या त्या एकदम लहान दिसायला लागल्या.

"इतके दिस समजले, माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "तेवढं तरी माझ्या हातचं होतं गे."

त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. कुठलाच विषय फारसा काढला नाही. मी लग्न होऊन पुण्याला आले आणि त्या गेल्याचं इथंच कळलं, त्यांच्या भावाच्या फोनवरून. तिकडे पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. खिडकीजवळ दोन्ही खुर्च्या समोरासमोर होत्या, दोन्ही रिकाम्या, आणि अलीकडची जराशी तिरकी. भावजय म्हणाली की सरळ करून ठेवते, पण झाडताना हात लागतो आणि पुन्हा तशीच होते. मी ती तशीच राहू दिली.

आता निवड समित्यांवर बसायची पाळी माझ्यावरही येते. बहुतेक वेळा तिथंही मी एकटीच बाई. परवा एका मोठ्या पदासाठी आम्ही माणसं बघत होतो. एक बाई आल्या, काम उत्तम, बोलणं स्वच्छ. अध्यक्षांनी विचारलं, तयार आहात का. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, माझ्यापेक्षा सीनियर लोक आहेत सर. अध्यक्षांनी मान हलवली, पुढचा कागद उचलला. मी म्हटलं, "थांबा. बाई, मी पुन्हा विचारते. तुम्हाला हे हवंय का?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले असं मला वाटलं, कदाचित माझेच आले असतील. "हो," त्या म्हणाल्या. "हवंय."

त्यांचं नाव गेलं. तिसरं. पहिल्या दोन नावांवर आधीच एकमत झालेलं होतं, असं मला चहाच्या वेळी समजलं.

घरी आले, जेवायला बसले. दिवसभर पोटात काही नव्हतं. लेकीनं गरम पोळी तव्यावरून उचलून विचारलं, आई, अजून एक? मला हवी होती. मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, नको.

"बरं," ती म्हणाली, पोळी डब्यात टाकून झाकण लावलं आणि गॅस बंद केला. मी हात ताटावर धरून तशीच बसून राहिले, ती अजून एकदा विचारेल म्हणून.